मोकळी जागा

—बूट, साहेब, बूट! ते पांढरे दगड काय शोभेला मांडलेत? दगडांच्या आत पाय टाकला म्हणजे चर्चमध्ये टाकला. हो, एवढंच आमचं चर्च — हे मुहाचाचं झाड आणि हे गवत. काढा, मोजेसुद्धा... आता बोला. काय म्हणालात, वापरात नसलेली जागा? मंगळवारी येऊन पाहून गेलात ना? मंगळवारी कुठल्या चर्चमध्ये गर्दी असते हो हरारेत! थांबा जरा, आज शनिवार आहे, आमचा प्रार्थनेचा वार, घटकाभरात पांढऱ्या झग्यांनी गवत दिसेनासं होईल. आणि म्हणे नगरपालिका इथे बाग करणार, कुंपण घालणार, पळायला वाट काढणार, म्हणजे ग्लेन व्ह्यूच्या लोकांची तब्येत सुधारेल! पळतोच की आम्ही — पाण्यामागे पळतो, बसमागे पळतो, अजून किती पळवता?

आणि झाडानं तब्येत सुधारते हे मला नका शिकवू. आमचा मुनाशे गेला — एकुलता पोरगा — तेव्हापासून त्याचा बाप भिंतीकडे तोंड करून पडलेला. गोळ्या झाल्या. आमच्या संदेष्ट्यानं पाणी मंतरून दिलं — तो संदेष्टा! स्वतःची दाढ ठणकली की दवाखाना गाठतो. माझा नाही विश्वास त्याच्यावर. देवावर तरी कुठे... जाऊ दे, इथे बसून असं बोलू नये. पण मी नवऱ्याला धरून इथे आणायची, खोडाला टेकवून बसवायची, पाय गवतात. बरेच शनिवार नुसता बसला. मग एकदा म्हणाला, "माय मुनाशे, भूक लागली." पोरगा गेल्यापासून त्यानं मला हाकच मारली नव्हती — कशी मारणार, माझ्या नावात पोराचंच नाव ना! ती हाक ऐकायला येते मी. प्रार्थनेला नाही. घरी तो अजून मुकाच असतो.

आणि तुम्ही त्याच खोडावर लाल फुली मारलीत. का, तर पळायच्या वाटेत येतं! लोकांची तब्येत सुधारायला झाड तोडायचं — वा, कॉलेजात शिकवतात वाटतं हे. ओला आहे रंग अजून. पुसा. बघता काय? पु—

अगं बाई, तो बघा मुनाशेचा बाप, रस्त्याच्या टोकाला. काठी टेकत. एकटाच निघालाय आज... कुणी धरलेलं नाही त्याला. सरका, मी पुसते. उचला तो रंगाचा डबा आणि चालू लागा. तिकडून नको, त्याच्यासमोरून नको! इकडून जा. बोलू नका काही.