कोपऱ्याची वानगी

उलटून बघताय म्हणजे तुम्हाला कळतं, खानम. तेहरानहून येतात ते बाकीचे आधी रंगावर हात फिरवतात, मग नाक लावतात, मग वा वा म्हणतात — पाठ कोणी बघत नाही. खरं काय ते पाठीवर असतं. गाठ न् गाठ बोटाला लागते बघा. फक्त घडी घालू नका, आमच्या बिजार गावचं काम घडी घातली की मोडतं, गुंडाळायचं — कडक आहे ना? बाणा, म्हणजे आडवा धागा, ओला करून ठोकतात म्हणून. तो आवाज येतोय ना भिंतीपलीकडून, धप, धप, मग जरा थांबून पुन्हा धप — तेच चाललंय. लोखंडी पंजा आहे. आई आहे मागावर. नाही नाही, तिला काही ऐकू जात नाही, जन्मभर तो पंजा आपटून कान गेलेत तिचे, तुम्ही मोकळेपणी बोला. चहा घ्या. साखरेचा खडा घ्या की, नुसता कडू कशाला पिताय.

तर तुमच्या त्या पॅरिसच्या गिऱ्हाइकाला सांगा की हा गालिचा नाहीच. तो विचारणार, एवढासाच का, आणि मधेच का तुटलाय. तुटलेला नाही. ही वानगी. बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, कागदावर नक्षी कोण काढून देणार, म्हणून मग एकदाच एवढं हातभर विणून ठेवायचं, सगळ्याचं थोडंथोडं — मधल्या पदकाचा हा चतकोर, निळीचा; हा इथं मासा — मासा म्हणजे दोन वाकडी पानं आणि मधे फूल, पण आम्ही मासाच म्हणतो; हा एक काठ, हा दुसरा, हा तिसरा, वाटण्या झालेल्या भावांसारखे शेजारी शेजारी, एकाचं दुसऱ्याशी काही नातं नाही. मग घरातल्या लेकी-सुनांनी तिच्यावरून बघून मोठे गालिचे विणायचे. गालिचे विकायचे, वानगी घरात ठेवायची. म्हणून ती पायाखाली कधी गेली नाही, म्हणून हे रंग असे. तुमच्या लोकांना तर हे अर्धवटच आवडतं ना, चौकटीत घालून भिंतीवर लावतात, चित्रासारखं. आमच्याकडेही भिंतीवरच असते. खिळ्याला. पण ती काढून घ्यायला.

आणि हे गुलाब — हे आमचे नव्हेत, फ्रान्सचे. हसू नका, खरंच. आईच्या पणजीला इथल्या एका सरदाराकडे जाजमं झाडायला बोलवायचे, त्याच्या दिवाणखान्यात फ्रेंच गालिचा होता, सगळा गुलाबांचा, फितींचा, पाकळीखाली पाकळीची सावलीसुद्धा विणलेली. त्यावर पाय ठेवायची बंदी, म्हणून ती कडेला गुडघे टेकून झाडायची, आणि झाडता झाडता पाठ करायची. घरी येऊन विणले. आता सावली कशी विणायची हे तिला कोण शिकवणार, तर गुलाबांचे कोबी झाले. बघा ना, कोबीच आहेत. पण काय कोबी आहेत, खानम. हा लाल बघा, इथपर्यंत गडद आणि इथून एकदम फिका, म्हणजे मंजिष्ठेची एक कढई संपली आणि दुसरी चढवली — तिनं लपवलं नाही, आहे तसं जाऊ दिलं. तो फ्रेंच गालिचा कसरीनं खाल्ला, हवेलीही गेली. कोबी राहिले.

किमतीचं मी पुन्हा बोलणार नाही. आपलं ठरलंय.

पण खरी किंमत या कोपऱ्याची, हे तुम्हाला कळतंय, म्हणूनच तुम्ही मघापासून अंगठा तिथं ठेवलाय. सरळ काठ कुणीही विणतं. वळवायचा कसा? वेल आडवी येतेय, तिला उभं व्हायचंय, आणि फूल मधे कापलं जाता कामा नये. कित्येक गावांत वळवतच नाहीत, आडवा काठ येतो आणि उभ्याला जाऊन धडकतो, झालं. त्या पणजीनं फूल तिरकं बसवलं आणि वेल त्याच्या मागून काढली. इथं. एवढीशीच जागा. आईला बाकी सगळं पाठ आहे, झोपेत विणेल, पण हा कोपरा तिला कधी पाठ झाला नाही — गालिच्याला कोपरे चारच, मग मधे वर्षभर त्याची गाठ पडत नाही, विसरते. म्हणून कोपरा आला की हाक मारते, सीरवान, काढ रे ती — आणि मी खिळ्यावरून काढून देतो, ती उलटी मांडीवर घेते आणि अंगठ्यानं मोजत मोजत — मारायची. हाक मारायची. पूर्वी.

तिला विचारलंय का म्हणजे? तुमच्यासमोरच तर झालं, खानम. मागच्या खेपेला तुम्ही इथंच बसला होतात, दार उघडं होतं, तुम्ही म्हणालात, काय सुंदर आहे हो ते, आणि ती काय म्हणाली? तुमच्यापुढे त्याची काय किंमत, तुमचंच आहे, घेऊन जा. म्हणाली की नाही? तुमच्या कानांनी ऐकलंत. हो, माहितीय मला, सगळेच म्हणतात, टॅक्सीवालासुद्धा म्हणतो, राहू द्या साहेब, काय एवढ्याचं, आणि भाडं न देता उतरून चालायला लागलात तर कॉलर धरेल. मला शिकवू नका. मी त्यातच वाढलोय. माझा बाप — कुणी म्हटलं घड्याळ छान आहे की मनगटावरून काढून पुढे करायचा, घ्या, आणि एकदा एकानं खरंच घेतलं, तर घरी येऊन महिनाभर आईवर चिडचिड. तिनं काय केलं होतं? माझा मामा, ज्यानं तुम्हाला इथं आणलं — दलाली? अरे भाच्याकडून कसली दलाली, मी काय परका आहे, म्हणाला — आणि काल निरोप धाडलाय की दलाली विसरू नकोस. मी हमदानचं विद्यापीठ सोडून घरी आलो तेव्हा हीच सगळी मंडळी ओळीनं येऊन बसली, चहा प्यायली, म्हणाली, काही बिघडलं नाही, आमचं घर ते तुझंच घर, लागेल ते माग. एकाकडे काम मागायला गेलो तर घरात असून नाही म्हणून सांगितलं. चप्पल दारात होती त्याची. सगळी पिढीच्या पिढी गोड बोलून म्हातारी झाली, आणि आम्हाला सांगतात खोटं बोलू नका. मी म्हटलं, यांचा एक तरी शब्द खरा धरायचा. जसा बोलला तसा. एवढंच केलंय मी. चोरी नाही केली.

असं बघू नका.

आणि मी काही तिला उघड्यावर टाकलेलं नाही. फोटो काढलाय. दोन्ही बाजूंनी, कोपऱ्याचा तर अगदी जवळून, मोठा करून बघता येतो. फक्त ती बघत नाही ना. डोळ्यांत सारा पडलाय, ढग दिसतात म्हणते. रोज सकाळी लोकरीचे गुंडे मी तिला क्रमानं टांगून देतो, हा निळा, हा लाल, हा उंटाच्या रंगाचा, मग ती हातानं चालते. वानगीही ती डोळ्यांनी नाही बघत, पाठीवरनं अंगठा नेते. फोटोला पाठ नसते, खानम. हे मला काल फोटो काढून झाल्यावर सुचलं. काल नाही — काढतानाच सुचलं होतं. तरी काढला.

आणि खिळा मोकळा नाही दिसत, त्याची काळजी नको. जुनी खोगिराची झूल आहे, साधारण एवढीच, ती टांगलीय मी. रंग लालच. तिला ढगात लाल दिसलं की — म्हणजे धक्का बसू नये म्हणून हो. एकदम रिकामी भिंत बघून. मी स्वतःच सांगणार आहे तिला, नीट, वेळ बघून.

हो, मागावरचा तो गालिचा पुरा होईल ना. का नाही होणार. शेवटचाच आहे म्हणते. कुणाचा म्हणजे? माझाच. माझ्या लग्नात घालायचा म्हणे, बायको कोण, कुठली, पत्ता नाही आणि हिचा गालिचा वरच्या काठाला आला. खालचे दोन्ही कोपरे असे वळलेत, तुम्ही बघायला हवेत. वरचे राहिलेत. मी तिला सांगितलेलं नाही की मी चाललोय. मावसभाऊ आहे जर्मनीत, हॅनोव्हरला, म्हणतो, ये, जागा आहे, माझं घर ते तुझंच घर. हसा. मलाही आलं हसू. पण तिथं पोचायला लागतातच ना, आणि या घरात विकण्यासारखं दुसरं काय आहे, मी बघितलंय सगळं. माग विकला तर तिला लगेच कळेल.

नका, खाली ठेवू नका. घ्या हातात. तुम्ही नाही नेलीत तर मामा दुसऱ्या कुणाला आणेल, तो चौकोनी कापून उशांच्या खोळी करेल, असले लोक आहेत, तुम्ही निदान — नीट ठेवाल. मला एखाद्या वेळी तिकडे कुठल्या काचेच्या खिडकीत दिसेलही. मी थांबेन तिथं. कोबी ओळखेन ना मी. आणि जरा हळू बोला, ही भिंत मातीची, मी इकडे शिंकलो तरी आई तिकडून दुवा देते —

हो. म्हणालो मी. ऐकू येत नाही असंच म्हणालो.

थांबा.

थांबला. पंजा थांबलाय. काही नाही, बाणा भिजवत असेल, पाण्यात हात बुडवून, त्याला वेळ लागतो. भांड्याचा आवाज येईल आता. नाही आला. मग कोपरा आला असेल. मी सकाळी मोजलं होतं, दुपार होईल वाटलं होतं, ही भरभर — आता हाक मारेल बघा. सीरवान, काढ रे ती. हीच हाक, लहानपणापासून, खेळत असलो तरी, जेवत असलो तरी. मारत का नाही? उठली. पाय वाजला. भिंतीशी गेली, खिळ्याशी. झुलीला हात लावला असणार. झुलीलाही पाठ असते ना. त्या अंगठ्याला मी फसवणार होतो, मी, ज्याला बटण लावता येत नाही.

ऐकलंत?

काय म्हणाली ते ऐकलंत ना तुम्ही? नुसती गुंडाळू नकोस, सीरवान. मधे तंबाखूची पानं घाल, कसर लागते.

हो, आई. घालतो.

किती शांतपणे म्हणाली. शिव्या द्यायच्या होत्या. खानम, तुम्ही बोलू नका आता काही, घ्या ही, धरा. माघारी नाही घेणार ती, पाहुण्याला दिला शब्द, घ्या म्हणतोय ना मी. पानं वाटेत बाजारात घ्या, माझ्या हातून — घ्या तुम्ही वाटेत. बसली वाटतं पुन्हा मागावर. बसली, पण ठोकत नाहीये. वेल आडवी येऊन थांबलीय आणि हात वर आहे तिचा, मला दिसतोय इथून, भिंतीतून दिसतोय.

काय, आई? हो, आहेत अजून. सांगतो.

म्हणते, आबगोश्त झालंय. जेवल्याशिवाय पाहुणीला सोडू नकोस.

नका थांबू, खानम. ते नुसतं म्हणायचं असतं. खरं धरायचं नसतं. जा तुम्ही.