सातव्या फर्म्यावरचा डाग

आदरणीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील आपल्या चर्चचे पाळकसाहेब, आज निवृत्त होणारे आपले सुईकाका, पहिल्या रांगेतल्या काकू आणि छापखान्यातील माझ्या बंधुभगिनींनो,

हे भाषण लिहायला मला तीन आठवडे मिळाले होते. लिहिलं आज दुपारी, बसथांब्यावर. आळस म्हणून सुटता आलं असतं, पण खरं कारण भीती.

पाच वर्षांपूर्वी मी इथे आठ महिने होतो. मग टायरच्या दुकानात, मग एका बोटीवर, तिथला स्वयंपाकी तर... काकू मान हलवतायत. मुद्द्यावर येतो.

आपल्या बाइंडिंगची रीत पाहुण्यांसाठी सांगतो. छापून घडी घातलेला सोळा पानांचा एक फर्मा. अशा फर्म्यांचे गठ्ठे लांब टेबलावर ओळीने मांडायचे आणि प्रत्येकातून एकेक उचलत पुस्तक जुळवायचं. मांडणारा मी, जुळवणारे काका. ते खाली न बघता, गुणगुणत उचलायचे. चर्चच्या गीतपुस्तकाच्या तीनशे प्रती होत्या. सातव्या गठ्ठ्यावर मी चहाचा कप ठेवला. वरच्या फर्म्यावर गोल डाग पडला. कुणाला दिसू नये म्हणून अख्खा गठ्ठा पालथा घालून डाग तळाशी दडवला. झालं! तीनशे पुस्तकांत सोळा पानं उलटी शिवली गेली.

तेव्हाच्या व्यवस्थापकांना आपण नुसतं साहेब म्हणायचो. त्यांनी सगळ्यांसमोर काकांना विचारलं, डोळे घरी ठेवून येता का? काकांचं मुख्य बाइंडरपद गेलं. पुस्तकाच्या प्रकाशनाला व्यासपीठावर त्यांची खुर्ची मांडली होती, तीही उचलली. मी शेजारीच उभा होतो, मूग गिळून. आठवड्याने पळालो. काकांनी कोपऱ्यात बसून सगळी पुस्तकं उसवली आणि पुन्हा हाताने शिवली.

मागच्या महिन्यात परतलो. रविवारी उपासनेला काकांशेजारी बसलो. माझ्याकडे पुस्तक नव्हतं, त्यांनी आपलं पुढे केलं. पान उघडलं, तर त्यावर माझ्या कपाचा गोल. सगळे गात होते, मी डागाकडे बघत होतो. काकांनी ओळीवर बोट ठेवलं. "गा," म्हणाले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "माहीत होतं, तर बोलला का नाहीत?"

"तू पहिल्यांदाच कुठेतरी टिकत होतास."

"आणि राग?"

"आला की. रोज सुई ओवताना साहेबांसाठी प्रार्थना करायचो. पहिले पंधरा दिवस दातओठ खाऊनच केली. शंभरेक पुस्तकांनंतर माझाच तोरा दिसायला लागला रे. न बघता उचलायचो ना, ते लोकांनी बघावं म्हणून. प्रभू तर काहीच चुकला नव्हता, तरी न्यायासनापुढे गप्प उभा राहिला. मी कोण?"

मंडळी, मी समुद्र पुष्कळ बघितलाय. पण त्या दिवशी चर्चच्या पायरीवर मला चपला काढाव्याशा वाटल्या.

साहेबांनीही हे ऐकावं म्हणून मी निमंत्रण घेऊन गेलो होतो. त्यांनी दारातूनच परत पाठवलं. म्हणून तुमच्यासमोर सांगतो, चूक माझी होती. काका, मला क्षमा करा.

ऐकून घेतलंत, सर्वांचा ऋणी आहे. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर दोष माझ्या अर्धवट शाळेला द्या आणि मला पदरात घ्या...

एक मिनिट. दारवान खूण करतोय. साहेब आलेत. काठी टेकून दाराशीच उभे आहेत. म्हणजे मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागणार. अध्यक्ष महाशय, त्यांच्यासाठी एक खुर्ची मागवाल का?

नको, राहू द्या. सुईकाका स्वतःची उचलून खाली उतरलेसुद्धा.