देवावरून गेलेला पाइप

हसाल तुम्ही, पण मी देवघरात स्टुलावर चढून छताला कान लावला होता. वरच्या बाथरूमचं काम चाललं होतं. बाबांनी प्लंबरला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सांडपाण्याचा पाइप देवावरून नेऊ नको, वळवून ने." तो इतक्या पटकन "हो काका" म्हणाला, की मला तेव्हाच शंका आली. बघायला गेले, तर स्लॅबवरचे पाइप झाकून वर फरशीही बसली होती!

म्हणून मी वर नळ सोडला आणि धावत खाली आले. बरोब्बर गणपतीच्या डोक्यावर गुडगुड!

"काय ऐकून राह्यली वं?"

मागून आईचा आवाज आला आणि मी स्टुलावरून पडतापडता वाचले.

"आई, त्यानं फसवलं! पाइप सरळ देवावरून नेला. बाबांना कळलं तर सगळी फरशी फोडायला लावतील."

"हळू बोल. मीच सांगतलं त्याले. वळवला असता तं उतार पुरला नसता, रोज तुंबलं असतं."

"अगं, पण देव?"

"देव उद्या सैपाकघरात नेऊ. तुह्या बाबाले सांगीन, गणपती सपनात आला अन् म्हने, मले इथं लय गरमी होते."