चौथा संच

लेक: फोन बंद करून उलटा ठेवलाय, बाबा. आता तरी बोला.

बाबा: बंद केलास, की नुसताच उलटा ठेवलास?

लेक: बंद केलाय. हवं तर बॅटरी काढून देते.

आई: हल्लीच्या फोनची बॅटरी निघत नाही. परवा यांनी माझ्या फोनवर प्रयोग केला, नख मोडून घेतलं.

बाबा: तू चहाचं बघ.

आई: चहा तुमच्यासमोर आहे. त्याच्यावर साय धरलीय, तरी तुमचं लक्ष खिडकीच्या पडद्याकडे.

बाबा: कुलगुरूंनी पाठवलंय ना तुला?

लेक: मला माहेरी यायला कुलगुरू कशाला लागतात?

बाबा: एरवी सुट्टीच्या दिवशी येतेस. आज कामाचा दिवस आहे आणि भरदुपारी आलीस. वर माझ्या आवडीची बिस्किटं आणलीस.

आई: बिस्किटं मी मागवली होती.

लेक: उद्या व्यवस्थापन परिषदेची बैठक आहे, म्हणून आले. जुन्या कॅम्पसचा निकाल उद्या लागणार आहे.

बाबा: तेच म्हणतोय मी. आधी मला एवढं सांग. परवा माळावरच्या नव्या कॅम्पसमध्ये कुलगुरूंचं भाषण झालं. त्यात ते म्हणाले, "ज्या मोज्यांच्या कारखान्यात आपलं विद्यापीठ जन्मलं, त्याच्या मालकीणबाई रंगखान्यात हौदाच्या कठड्यावर बसून संस्थापक थोरल्या सरांशी बोलल्या." हा हौद त्यांना कुठून मिळाला?

लेक: माझ्या प्रकरणातून. सुवर्णमहोत्सवाच्या ग्रंथात पहिलं प्रकरण मी लिहिलंय, ते वाचून बोलले असतील.

बाबा: आणि तुला कुठून मिळाला?

लेक: तुम्हीच सांगितलंत. याच टेबलावर. बाबा, मी इतिहास शिकवते. सांगणाऱ्याने सांगितलं की लिहायचं, हेच तर माझं काम.

बाबा: म्हणजे तुझ्याकडून फुटलं.

लेक: फुटलं? तो काय पेपर होता?

आई: यांच्या दृष्टीने सगळं जग पेपरच आहे. दूधवाल्यालासुद्धा हे पर्यवेक्षकाच्या नजरेने बघतात.

लेक: थांब आई. बाबा, आज सकाळी मला कुलगुरूंच्या दालनात बोलावलं होतं. तिथे इमारत विभागाचे इंजिनियर होते आणि जनसंपर्कवाले साहेब होते. दोघंही तुमच्याकडे येऊन गेलेत ना?

बाबा: येऊन गेले. गोड गोड बोलून गेले.

लेक: इंजिनियर म्हणाले, बाई गोदामात सुताच्या गाठोड्यावर बसल्या होत्या, असं सरांनी सांगितलं. जनसंपर्कवाले म्हणाले, छे, फाटकापाशी गाडीत बसून त्यांनी किल्ली दिली, असं सरांनीच सांगितलं. आणि माझा हौद. एकच दुपार, एकच बाई, आणि बसल्या तीन ठिकाणी.

बाबा: वा. म्हणजे तिघंही फुटलात.

लेक: तुम्ही हसताय?

बाबा: हसू नको तर काय करू? अख्खी नोकरी परीक्षा विभागात गेली माझी. पेपर छापायला देताना आम्ही प्रत्येक छापखान्याला वेगळा संच द्यायचो. एकात एखादा आकडा बदललेला, दुसऱ्यात प्रश्न मागेपुढे. पेपर बाहेर आला की संच बघायचा. चोर आपोआप हाती लागायचा.

लेक: म्हणजे तुम्ही मुद्दाम...

बाबा: मुद्दाम. मला बघायचं होतं, कुणाचं तोंड कुठे उघडतं. कारखान्याच्या जागेतला जुना कॅम्पस रिकामा करून तिथे हॉटेल काढायला द्यायचंय, हे मला काय कळत नाही? आणि बरोबर त्याच वेळी सगळ्यांना माझ्या आठवणींचं प्रेम यावं?

लेक: मी त्या 'सगळ्यां'त होते?

बाबा: तू तिथे नोकरी करतेस. तुझ्या बढतीची फाईल त्यांच्या टेबलावर आहे.

लेक: आहे. तिथेच पडलीय, आणि मी जुन्या कॅम्पसच्या बाजूने बोलते म्हणून पडलीय, हेही मला ठाऊक आहे. म्हणून मी तुम्हाला विकेन?

बाबा: विकशील असं मी म्हणालो नाही.

लेक: मग काय म्हणालात? मला वाईट वाटलंय, बाबा. फार वाईट वाटलंय. तुम्ही ज्या तोंडाने त्या जनसंपर्कवाल्याला खोटं सांगितलंत, त्याच तोंडाने मला सांगितलंत. आणि मी ते आनंदाने, अगदी सजवून लिहिलं. हौदातल्या पाण्याचा रंगसुद्धा लिहिला.

आई: निळा लिहिलास ना? छान उतरलं होतं.

लेक: आई, प्लीज. बाबा, तुम्हाला चोर पकडायचा होता. पकडले गेलात तुम्ही. कुलगुरूंनी तिन्ही हकिकती एकापुढे एक वाचल्या आणि चष्मा काढून किती हळुवार आवाजात म्हणाले, "सरांचं वय झालंय. आता त्यांना त्रास देऊ नका."

बाबा: म्हणजे?

लेक: म्हणजे तुमची स्मरणशक्ती गेली, असं ठरलं. रागावून नाही, कीव करून. तो इंजिनियर म्हणाला, त्याच्या सासऱ्यांचंही असंच सुरू झालं होतं.

बाबा: माझी स्मरणशक्ती? अजून पहिल्या तुकडीचे बैठक क्रमांक विचार मला.

लेक: मला कशाला पटवताय? बाईंनी कारखाना दिला तेव्हा एक अट घातली होती, हे सांगणारे तुम्ही एकटे उरलात. थोरले सर गेले. तेव्हाचे इंजिनियर गेले. कागदावर अट नाही.

बाबा: कागदावर येणारच नव्हती. अटीची देणगी सरकार घेत नव्हतं. मंजुरी अडली असती. म्हणून शब्दावर घेतलं.

लेक: आणि तो शब्द ऐकलेला एकमेव माणूस तीन ठिकाणी तीन गोष्टी सांगतो. परिषदेतले निम्मे सभासद अजून डळमळीत आहेत, बाबा. संस्थापकांनी शब्द दिला होता हे पटलं, तर ते जुन्या कॅम्पसच्या बाजूने हात वर करतील. पण आता कोण करणार? उद्या तिथले संध्याकाळचे वर्ग बंद करायचा ठराव आहे. 'माळावर स्थलांतर' असं नाव दिलंय. दिवसभर नर्सिंग करून येणारी, टॅक्सी चालवून येणारा, दुकान बंद करून येणारी, ही माणसं माळावर कधी पोचणार? शेवटची बस निघून जाते.

बाबा: तेच तर बाई म्हणाल्या होत्या.

लेक: काय म्हणाल्या होत्या? खरं काय ते एकदा तरी सांगा.

बाबा: आधी दार लावून घे.

आई: दार लावलेलंच आहे. आणि मी काय करू? ऐकू, की मलाही बाहेर काढणार?

लेक: आई, तुला माहीत आहे का ती गोष्ट?

आई: मला एक गोष्ट माहीत आहे. यांनीच सांगितलेली. त्या दिवशी घरी आल्या आल्या सांगितली होती.

लेक: तू कधी बोलली नाहीस.

आई: कुणी विचारलं नाही. आणि दुसरंही कारण आहे.

लेक: थांब, आता सांगूच नकोस. बाबा, तुमचीच पद्धत वापरू. दोन परीक्षार्थी, दोन खोल्या. आई, तू गॅलरीत जा. बाबा आधी सांगतील, मग तू आत येऊन सांग. जुळलं, तर उद्या परिषदेसमोरही असंच करायचं. त्यांनी हवं तर स्वतः वेगळं बसवून विचारावं.

बाबा: आणि नाही जुळलं तर?

लेक: तर मग कुलगुरूंचं म्हणणं खरं.

आई: जाते बाई. कपडे तरी काढून होतील वाळलेले.

(गॅलरीचं दार लोटल्याचा आवाज.)

बाबा: दार नीट लागलं का बघ.

लेक: लागलं. सांगा.

बाबा: हळू बोलतो. बाई बसल्याच नव्हत्या. तिन्ही संचांत मी त्यांना बसवलं, तेवढं एक सगळीकडे खोटं. तपासणीच्या टेबलापाशी उभ्या होत्या. तिथे लाकडी पाय असायचे, त्यांच्यावर मोजा चढवून बायका भोकं बघायच्या. थोरल्या सरांनी खुर्ची पुढे केली. बाई म्हणाल्या, "माझ्या बायका इथे जन्मभर उभ्या राहिल्या, मी कशी बसू? संध्याकाळी त्यांना बसायला जागा द्या. त्यांना, त्यांच्या मुलींना, दिवसा काम करणाऱ्या सगळ्यांना. ज्या दिवशी संध्याकाळचा दिवा बंद कराल, त्या दिवशी किल्ली गावाला परत करा."

लेक: एवढंच?

बाबा: मग त्यांनी आम्हा तिघांना, थोरल्या सरांना, इंजिनियरना आणि मला, एकेक मोजा दिला. जोडी नाही, एकच. म्हणाल्या, दुसरा मोजा पहिला वर्ग भरल्यावर न्यायला या. थोरले सर मोजा खिशात घालून सरकारी बैठकीला गेले होते.

लेक: आणि दुसरा?

बाबा: पहिला वर्ग भरला त्या संध्याकाळी आणला. जमिनीत यंत्रांचे बोल्ट तसेच होते, त्यांच्यामधून बाकं मांडली होती. मुलं अडखळायची. शहरात लोक हसायचे, मोज्यांचं विद्यापीठ म्हणायचे. आता त्याच विद्यापीठाचे तीन कॅम्पस झाले, नदीपलीकडे वैद्यकीयचा सुद्धा, आणि कुणाला आठवत नाही की सगळं एका मोज्यावर उभं आहे.

लेक: हे मला का नाही सांगितलंत? हे किती चांगलं आहे हौदापेक्षा.

बाबा: म्हणूनच. चांगलं होतं म्हणून जपून ठेवलं.

लेक: इतकं जपलंत की हरवायची वेळ आली. आई, ये आत.

आई: झाली परीक्षा? माझा नंबर?

लेक: बस. तुला जे ठाऊक आहे ते सांग. यांच्याकडे बघू नकोस. बाबा, तुम्ही भिंतीकडे तोंड करा.

बाबा: मी खुणा करणार आहे का?

आई: करतात. पत्ते खेळताना करतात. हं, तर हे घरी आले. मी उंबऱ्यातच विचारलं, दिली का जागा? यांनी खिशातून एक मोजा काढला. करडा, वर निळा काठ. मी म्हटलं, दुसरा कुठे पाडलात? तर म्हणाले, दुसरा मोजा वर्ग सुरू झाल्यावर मिळणार आहे.

लेक: पुढे.

आई: पुढे म्हणाले, बाई तपासणीच्या टेबलाशी उभ्या होत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, माझ्या बायका उभ्या राहिल्या, संध्याकाळी त्यांना बसायला जागा द्या. आणि दिवा बंद केलात तर किल्ली परत. सांगताना यांचा आवाज कापत होता. म्हणून माझ्या लक्षात राहिलं. असा आवाज मी यांचा पुन्हा ऐकला नाही.

लेक: बाबा, वळा इकडे.

बाबा: वळतो. थांब जरा.

लेक: शब्दाला शब्द जुळला. मोज्यासकट.

आई: जुळला? मग आज यांनीही तेच सांगितलं?

बाबा: दुसरं काय सांगणार?

लेक: आई, तू ही गोष्ट इतकी वर्षं पोटात का ठेवलीस? एकदा तरी मला सांगायचीस. मी लहान असताना, झोपवताना.

आई: सांगितलं ना, दुसरंही कारण आहे. यांचं संचांचं काम घरीच चालायचं. याच टेबलावर. कुणाला कुठला संच, ते हे मनाशी पुटपुटत बसायचे. मला वाटायचं, मलाही यांनी एखादा दिला असेल. माझं तोंड कुठे उघडतं ते बघायला. म्हणून मी उघडलंच नाही.

बाबा: अगं, तुला?

आई: का? लेकीला दिलात की.

लेक: बाबा, उद्या बोलावं लागेल. तिघांना जाणूनबुजून खोटं सांगितलं, हे आधी कबूल करायचं. तिघांत मी पण आहे, हेही. मग खरं सांगायचं.

बाबा: परीक्षा नियंत्रक खोटं बोलला, असं छापून येईल.

लेक: विसरभोळा म्हणून छापून येण्यापेक्षा बरं. आणि संध्याकाळचा दिवा राहील.

बाबा: येईन. सांगेन सगळं. तू येशील ना गं? माझ्या शेजारी बसशील?

आई: येईन. पण शेजारी नाही, वेगळ्या खोलीत बसेन. त्याशिवाय ते खरं मानायचे नाहीत. आणि तुम्हीही.