पाच खरी वाक्यं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आज आपण जमलो त्या आमच्या इंग्रजीच्या बाई, आणि संध्याकाळच्या प्रौढ वर्गातल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

अध्यक्षांनी मघाशीच माझ्याकडे चिठ्ठी सरकवली, ‘पाच मिनिटं’. साहेब, मी तीस वर्षं लिफ्ट चालवली. माझं कुठलंच बोलणं सहाव्या मजल्यापुढे गेलेलं नाही. निर्धास्त असा.

खरं सांगायचं तर मी इथे शिकायला आलोच नव्हतो. पुस्तक परत करायला आलो होतो. वर्गाला यायची ती माझी बायको. ती गेली, आणि महिन्याभराने तिच्या पिशवीत वर्गाचं व्याकरणाचं पुस्तक सापडलं. नऊ धडे तिच्या अक्षरात सोडवलेले. ती इंग्रजी कशासाठी शिकत होती? मला ठाऊक नाही. मी कधी विचारलंच नाही हो. बाईंनी पुस्तक उघडून पाहिलं आणि माझ्याच हातात परत ठेवलं. म्हणाल्या, “दहावा धडा राहिलाय. बसा.”

बसलो. तिच्याच बाकावर.

मग काय फजिती झाली म्हणता! नाम, सर्वनाम कसंबसं जमलं. पण क्रियापद? आपलं क्रियापद कसं, शेवटच्या मजल्यावर उतरणारं. त्यांचं दुसऱ्याच मजल्यावर उतरतं! मी आपला सवयीने त्याला वरपर्यंत नेत राहिलो.

बाईंची पद्धत तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. रोज वहीत पाच वाक्यं लिहायची, आपल्या दिवसाबद्दल, आणि खरी. माझी पहिली पाच अशी होती: मी उठलो. मी चहा केला. मी चहा प्यायलो. मी कप धुतला. दुसरा कप कपाटात आहे. बाईंनी चार चुका दाखवल्या आणि खाली लाल शाईत लिहिलं, ‘दुसरा कपही काढा. कुणाला तरी बोलवा.’

कुणाला बोलावणार? तीस वर्षांत हजारो माणसं माझ्यासोबत वर गेली, पण माझं घर त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. आणि रोज बाईंना तेच ते काय दाखवायचं? एके दिवशी लिहून टाकलं, ‘आज माझा मित्र आला. तो निवृत्त पोस्टमन आहे.’ बाई काय खूश झाल्या! मग मित्राचा गुडघा दुखू लागला, तो बुद्धिबळात हरू लागला, चहात साखर जास्त मागू लागला. बाई आवर्जून विचारायच्या, “काय म्हणतोय गुडघा?” दिवसभरात मला कुणी काही विचारायचं ते तेवढंच. म्हणून लिहीत राहिलो, दोन वर्षं. घरात आपल्याला कुणी काही विचारत नाही म्हणजे काय, हे माझ्या बायकोला माझ्या आधी कळलेलं असणार.

गेल्या आठवड्यात बाई म्हणाल्या, “मी आता मुलाकडे कायमची चालले. पण तुमची काळजी नाही मला. तुम्हाला मित्र आहे.”

बाई, तो नाहीये. कधीच नव्हता. हसा मंडळी, हसण्यासारखंच आहे. पण माझ्याकडे कुणी येत नाही, आणि मला फार एकटं वाटतं. बाईंनी माझ्या वहीतली एकही चूक सोडली नाही, ही तेवढी माझी मला सांगावी लागली. त्यांना खोट्या भरवशावर गाडीत बसू देणं मला जमेना.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, संयोजकांनी मला उभं केलं, सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर लाल शाईने खूण करून पोटात घाला.

बाई, तुमची गाडी उद्या संध्याकाळची आहे ना? निघण्याआधी चहाला या. दुसऱ्या कपावर धूळ बसली होती. आज सकाळी धुऊन ठेवलाय.