अध्यक्षांचा ताप

रंगूबाई : एकटंच? मास्तर, बाकीची पोरं कुठं हायती?

आनंद : येतायत. म्हणजे… येणार होते.

रंगूबाई : आत तरी या. धनी ठाकुर्लीला रूळ बदलाया गेलेत, नायतर तेच आणाया आले असते तुमास्नी. ही सतरंजी शेजारच्या सखूबाईची, परात तिच्या जावेची, आन ताटं अख्ख्या वस्तीची. पहाटंपासनं पुरण वाटतीया. सखूबाई म्हणली, रंगे, येडी का खुळी, तुझ्या हातचं खायाला गावातलं कोण बी येत न्हाय. मी म्हणलं, तीन वर्सं तरुण मंडळानं आमाला बलावलं, शाळंच्या मैदानात मांडीला मांडी लावून जेवू घातलं. यंदा आमी बलावलं तर का न्हाय येणार?

आनंद : अगदी बरोबर. सहभोजन काय एकाच बाजूनं करायचं असतं?

रंगूबाई : मग कुठं हायती?

आनंद : मारुतीचं पोट बिघडलंय.

रंगूबाई : आगं बया. जाताना ताक न्या त्याला.

आनंद : दौलतचा आज उपास.

रंगूबाई : ऐतवारचा? कवा धरला?

आनंद : नवीनच आहे. तुमचं आमंत्रण आलं ना… त्याच सुमारास.

रंगूबाई : रताळी हायती. उकडून देते. आन भिवा?

आनंद : त्याच्याकडे कल्याणहून पाहुणे आलेत.

रंगूबाई : त्यास्नी बी आणायचं की! पुरणाला काय तोटा हाय?

आनंद : रंगूबाई, असं करू नका हो. रस्ताभर एकेक सबब घोकत आलो, आणि तुम्ही सगळ्यांवर औषध काढताय.

रंगूबाई : सबब म्हणलात?

आनंद : कारण. कारण म्हणायचं होतं.

रंगूबाई : मास्तर, वर्गात तुमी मला बाराखडी शिकिवली. माणसं मला आदीपासनं वाचता येत्यात. आता ऱ्हायले अध्यक्ष.

आनंद : परशुरामला ताप आलाय.

रंगूबाई : लई?

आनंद : सणसणून. दिल्लीत परवा शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला ना, त्यावर काल सभेत बोलला. अस्पृश्यता या मातीत गाडून टाकू म्हणाला, टाळ्या घेतल्या, आणि घरी जाऊन आडवा झाला.

रंगूबाई : आन तुमी कसं आलात?

आनंद : मी येणारच हो.

रंगूबाई : घरी ठावं हाय?

आनंद : वर्ग घ्यायला जातो म्हणून सांगितलंय.

रंगूबाई : हं. उचला ती टोपली. कटाची आमटी मी घेते.

आनंद : कुठे?

रंगूबाई : आजारी माणसाला बघाया. तापानं फणफणलेला पोरगा, आन मी हितं पोळ्या झाकून बसू?

आनंद : नको! त्याची आई फार सोवळ्याची आहे. तुम्हाला दारात बघून काहीबाही बोलली तर?

रंगूबाई : मला बोलंल, त्याची सवय हाय. पर मास्तर, ह्या पोळ्या घरात उरल्या, तर सकाळच्याला नळावर मी सखूबाईला कुठलं तोंड दावू? चला. टोपली आडवी धरू नगा, तूप गळंल.

(परशुरामच्या घराचा ओटा. आत कॅरमच्या सोंगट्या वाजतायत.)

आनंद : परशुराम! ए अध्यक्ष!

परशुराम : थांब रे, फक्त राणी उरलीय… बाप रे. रंगूबाई!

रंगूबाई : ताप उतरला जनू.

परशुराम : कसला ता… हो! ताप. म्हणजे, प्रकृतीत किंचित सुधारणा आहे; तथापि अशक्तपणा…

आनंद : सतरंजी कशाला गुंडाळतोस? मे महिना आहे.

परशुराम : हुडहुडी भरते.

रंगूबाई : कपाळ बगू. लावू का हात?

परशुराम : लावा की. त्यात काय विचारायचं?

रंगूबाई : आमच्या माठावानी गार हाय.

परशुराम : काय गं, आई? कोण आलंय? …कोणी नाही गं! कोणी नाही!

रंगूबाई : कोणी न्हाय?

आनंद : शाबास. आणि काल ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ कोणाला म्हणत होतास?

परशुराम : रंगूबाई, माझ्या अंतःकरणातील व्यथा मी कोणत्या शब्दांत…

रंगूबाई : साध्या.

परशुराम : आईला घाबरतो.

रंगूबाई : येवढंच?

परशुराम : एवढंच नाही. दर सहभोजनानंतर ती मला मागच्या दारी नळाखाली बसवते. डोक्यावरून आंघोळ. कपड्यांसकट. मिशा फुटलेल्या माणसाला! रस्त्यावरनं पोरं बघतात.

आनंद : तरीच! आम्हाला वाटायचं, समाजकार्य केलं की अध्यक्ष कसे ताजेतवाने दिसतात.

रंगूबाई : आगं आई गं… थांबा, हसून हसून आमटी सांडंल. तिनी वर्सं?

परशुराम : तिन्ही. आणि ते मैदानातलं जेवण होतं, आमच्याच आचाऱ्याच्या हातचं. तुमच्या घरी, तुमच्या हातचं म्हटलं तर काय करील, या विचारानं मी… बाकीच्यांनी माझं बघून पाय मागे घेतला. मारुतीचं पोट ठणठणीत आहे.

रंगूबाई : हे बगा, मी भांडाया आले न्हाय. तुमची आई हाय, तिला तुमीच वळखता. पर टोपली भरल्याली घिऊन माघारी जायाचं, तर मला तसं सांगा. तोंडानं सांगा. ‘कोणी नाही’ म्हणू नगा.

परशुराम : चुकलो.

आनंद : मग काय करू? टोपली उचलू?

परशुराम : नको. ठेव इथंच, ओट्यावर. अरे, कोपऱ्यात नको, पुढे. पायरीपाशी.

आनंद : समोरच्या खिडकीत दौलतची बहीण उभी आहे. शीला.

परशुराम : असू दे. शीला! दौलतला म्हणावं, उपास सोडायला ये! आणि येताना मारुतीला उठव!

आनंद : ती हसतेय. गेली आत.

परशुराम : येतील?

आनंद : अध्यक्ष खाताना दिसले तर येतील. तेवढं मी मंडळाला ओळखतो.

परशुराम : काय गं, आई? …रंगूबाई आल्यात. रेल्वेतल्या गुणाजींच्या घरच्या. …हो, पलीकडच्या वस्तीतल्या. पुरणपोळ्या घेऊन. …हो, खाणार आहे. …नाही. या वेळी नळाखाली बसणार नाही.

आनंद : काय म्हणाली?

परशुराम : म्हणाली, मग घरात पाऊल टाकू नकोस.

रंगूबाई : मग?

परशुराम : टाकणार. पुढच्या दारानं. काय भांडायचं ते भांडीन.

रंगूबाई : मग आदी बसा, जेवून घ्या. उपाशीपोटी आईसंगं भांडू नये.