कुंपणपंचांचा ठराव

"दुसऱ्याच्या भूमीवर पाय रोवणारं राष्ट्र टिकत नाही!" १९०० साली व्हर्माँट या अमेरिकी राज्यातल्या एका गावसभेच्या रांगेत हायरमकाका गरजले.

"काका, तुम्ही माझ्या पायावर उभे आहात," मागून सायलस म्हणाला.

"आपल्या सैन्याने फिलिपिन्स सोडावं, असा ठराव मांडतोय. हात वर करशील?"

"करणारच. पोरगा मनिलात बंदूक घेऊन उभाय. त्याला घरी आणायचंय."

"शाब्बास! म्हणे तिथल्यांना राज्य करता येत नाही!"

"तुमचं कुंपण माझ्या बागेत शिरलं, तेव्हा म्हणालात, 'तुला सफरचंदं पिकवता येत नाहीत.'"

"आता बघ कशी लगडलीत! आणि कुंपणाची हद्द गावच्या कुंपणपंचाने तपासलीय."

"पंच तुम्हीच."

"गावाने निवडलाय!"

"म्हणून आज दोनदा हात वर करणार. एकदा फिलिपिन्ससाठी, एकदा नव्या पंचासाठी."

"सायलस!"

"तोवर काका, तेवढं पायावरून उतरा."